लोणा लागलेली भिंत

(तृतीय वर्ष, स्थापत्य)

परभणीला बर्फ पडत नाही. हे सांगायला इंजिनिअरिंगची डिग्री लागत नाही. तरीही काँक्रीट टेक्नॉलॉजीच्या पेपरात 'फ्रीझ-थॉ'चा प्रश्न येतो आणि आम्ही सगळे तो पाठ करतो. पाणी गोठलं की त्याचं आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढतं. विटेची किंवा काँक्रीटची छिद्रं ९१ टक्क्यांच्या वर भरलेली असतील, तर या वाढलेल्या बर्फाला जागाच उरत नाही. मग माल आतून फुटतो. उपाय : एअर एन्ट्रेनिंग अ‍ॅडमिक्श्चर वापरून काँक्रीटमध्ये बारीक बारीक बुडबुडे ठेवावेत. चार मुद्दे, चार मार्क, विषय संपला. आणि वर्गात मागच्या बाकावरून एक आवाज येतो, "सर, आपल्याकडं याचा काय उपयोग?"

मित्रांनो, मला या प्रश्नाचं उत्तर लायब्ररीत मिळालं नाही. ते आमच्या गावात, आजीच्या घराच्या मागच्या भिंतीत मिळालं. पण आधी थोडी थंडी.

परभणीची थंडी कुणाला सांगायला नको. डिसेंबर २०१८ मध्ये कृषी विद्यापीठात पारा २ अंशांपर्यंत उतरला होता, तेव्हा पेपरात परभणीचं नाव पहिल्या पानावर. आय.एस. ७८६१ या कोडचे दोन भाग आहेत. पहिला भाग उष्ण हवेतल्या काँक्रीटसाठी, म्हणजे ४० अंशांच्या वर. दुसरा भाग थंड हवेतल्या काँक्रीटसाठी, म्हणजे ५ अंशांच्या खाली. आमचा जिल्हा मे महिन्यात पहिल्या भागात असतो आणि एखाद्या डिसेंबरात चार-दोन पहाटे दुसऱ्या भागात जाऊन येतो! पण शून्याखाली तो जात नाही. गेला तरी तास-दोन तासांत दीड-दोन फूट जाडीच्या भिंतीच्या पोटापर्यंत गारठा पोचणार नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठतं, त्याचे फोटो आपण दरवर्षी पाहतो. तेही पानांवर आणि गाड्यांच्या टपांवर. म्हणजे बर्फाने भिंत फुटणं हा आपला रोग नव्हे.

माझा मावसभाऊ सैन्यात आहे. काही वर्षं तो लेहजवळ होता. हिवाळ्यात तिथे रात्री नळ सुरू ठेवावा लागतो, नाहीतर पाइप फुटतो; काँक्रीटची कामं उन्हाळ्याच्या चार-पाच महिन्यांत उरकावी लागतात, हे त्याच्याकडून ऐकलेलं. एकदा त्याने फोनवर तिथल्या जुन्या घरांचे फोटो पाठवले. बघते तर काय, उन्हात वाळवलेल्या मातीच्या विटांच्या भिंती, वर लाकडं, फांद्या आणि मातीचं सपाट छप्पर. हुबेहूब आमचं माळवद! हिवाळ्यात उणे वीसपर्यंत जाणाऱ्या मुलखात मातीची घरं शेकडो वर्षं उभी कशी? उत्तर सोपं आहे. तिथे पाऊस नगण्य, वर्षाला १०० मिलिमीटरच्या आसपास. भिंत कोरडी असते. छिद्रात पाणीच नसेल तर गोठणार काय? ऑगस्ट २०१० मध्ये लेहला ढगफुटी झाली, तेव्हा याच मातीच्या घरांची मोठी पडझड झाली. जन्मभर थंडी सोसलेल्या भिंती एका रात्रीच्या पाण्याने गेल्या.

इथे मला पहिल्यांदा वाटलं की आपण 'फ्रीझ-थॉ' चुकीच्या शब्दावर जोर देऊन पाठ करतोय. गोठणं हे निमित्त. खरी गोष्ट अशी की पाणी आत शिरतं आणि मग आत काहीतरी फुगतं. लेहला बर्फ फुगतो. परभणीला?

आमचं गाव गंगाखेड तालुक्यात, गोदावरीपासून तीन-चार किलोमीटरवर. आजीचं घर जुनं. पुढे ढाळज, मध्ये अंगण, मागे दोन खोल्या. खाली हातभर दगडी जोतं, वर पांढऱ्या मातीत बांधलेल्या भिंती, डोक्यावर माळवद. मागच्या खोलीत आजी झोपते, कारण तिथे उन्हाळ्यात गार असतं. या खोलीच्या भिंतीला खालून दोन फुटांपर्यंत लोणा लागलेला होता, माझ्या लहानपणापासून. मीठ पेरल्यासारखी पांढरी पावडर. बोट लावलं की भुरूभुरू माती पडायची. दर दिवाळीला आजी तिथे शेणमातीचा हात फिरवायची आणि वर्षभर निभावून जायचं.

२०१६ च्या सुमारास काकांनी ठरवलं की दरवर्षीची कटकट नको. तालुक्याहून एक ठेकेदार आणला आणि आतून चार फुटांपर्यंत सिमेंटचा गिलावा करून घेतला, वर ऑइल पेंट. काकांचा हेतू चांगला होता, खर्चही त्यांनीच केला. पहिली दोन वर्षं भिंत आरशासारखी. मग ऑइल पेंटला फुगे आले. मग गिलाव्याच्या वरच्या काठावर, जिथे कधीच लोणा नव्हता तिथे, पाच फुटांवर पांढरी रेघ उमटली. गिलाव्यावर बोटाने टकटक केलं की भोपळ्यासारखा पोकळ आवाज यायला लागला. २०२२ च्या पावसाळ्यात परातीएवढा तुकडा सुटून खाली आला. त्याच्या पाठीला चिकटून चार बोटं जाडीची माती आली होती, ओली आणि काळपट.

पुस्तकात याला 'एफ्लोरेसन्स' म्हणतात. त्याचं काम असं चालतं. जमिनीतलं पाणी विटेच्या किंवा मातीच्या बारीक छिद्रांतून वर चढतं, जसा चहा बिस्किटात चढतो. येताना ते जमिनीतले क्षार विरघळवून आणतं. भिंतीच्या तोंडाशी आल्यावर पाणी उडून जातं, क्षार तिथेच राहतात आणि त्यांचे स्फटिक होतात. हे स्फटिक छिद्राच्या आत वाढले की छिद्राच्या भिंती ढकलतात. त्यातही सोडियम सल्फेटची गोष्ट भारी आहे. कोरडं असताना एक रूप, ओल मिळाली की पाण्याचे दहा रेणू पोटात घेऊन दुसरं रूप, आणि या बदलात त्याचं आकारमान तिपटीहून अधिक वाढतं. कुठे बर्फाचे ९ टक्के आणि कुठे हे! शिवाय बर्फाला थंडी लागते. याला फक्त भिजणं आणि सुकणं लागतं, आणि ते आपल्याकडे जूनपासून ऑक्टोबरपर्यंत सतत चालूच असतं.

सिमेंटने नेमकं काय केलं तेही यावरून कळतं. मातीच्या भिंतीचं पाणी पूर्वी दोन फुटांच्या पट्ट्यातून उडून जायचं. सिमेंट आणि ऑइल पेंटने ती वाट बंद केली. पाणी थांबलं नाही, ते वाट शोधत वर चढलं आणि गिलावा संपला तिथे बाहेर पडलं. मधल्या चार फुटांत माती ओली राहून मऊ झाली. ओली माती भार घेत नाही. वर भर म्हणून सिमेंटमध्ये स्वतःचेही थोडे विरघळणारे क्षार असतात, तेही या कारभारात सामील झाले.

बर्फाळ देशांत जुन्या विटांच्या घरांच्या दरजा भरताना एक नियम पाळतात : मसाला विटेपेक्षा मऊ असावा. कडक सिमेंटने दरजा भरल्या तर ओल दरजांतून बाहेर पडण्याऐवजी विटेतच अडकते आणि गोठून विटेचं तोंड उडतं. मसाला मऊ असला तर आधी मसाला झिजतो. तो दहा-वीस वर्षांनी पुन्हा भरता येतो. वीट पुन्हा भरता येत नाही. हा नियम पुस्तकात वाचला, तेव्हा मला आजीचा शेणमातीचा हात आठवला. ती दरवर्षी हेच करत होती. झिजायचं काम गिलाव्याने करावं, भिंतीने नाही.

इथपर्यंत लेख वाचून कुणाला वाटेल की ही पोरगी आता 'जुनं ते सोनं' म्हणणार. थांबा. आपण मराठवाड्यात राहतो आणि आपल्याला किल्लारी माहीत आहे.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. गणपती विसर्जनाची रात्र संपत आली होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली गावंच्या गावं झोपेत गाडली गेली. भूकंप ६.२ रिश्टरच्या आसपासचा, आणि त्या वेळच्या नकाशात किल्लारी सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होती! माणसं मेली ती भिंती आणि माळवदं अंगावर पडून. गोलसर दगड मातीत रचलेल्या जाड भिंती, त्यांच्या आतल्या-बाहेरच्या थरांना एकत्र धरणारा आरपार दगड नाही, आणि वर फूट-दोन फूट माती. आमच्या आई-बाबांच्या पिढीने सिमेंटवर डोळे मिटून विश्वास ठेवला त्यामागे ही भीती आहे. ती खोटी नाही. काकांनी गिलावा केला, त्यातही तीच भीती थोडी मिसळलेली असणार.

आणि १० जुलै २०२४ च्या सकाळी आम्हाला तिची चव मिळाली. कळमनुरी तालुक्यात केंद्र असलेला ४.५ रिश्टरचा धक्का परभणी-नांदेडपर्यंत जाणवला. मी तेव्हा गावीच होते. आजी चुलीपुढे बसलेली, मागच्या खोलीत कुणी नव्हतं. भांडी वाजली, आणि माळवदाच्या फळ्यांमधून बचकभर माती आजीच्या रिकाम्या बाजेवर पडली. बस, एवढंच. कुणालाही काही झालं नाही. पण त्या दिवशी काका म्हणाले, "आता हे घर पाडायचं." आजी म्हणाली, "मला आधी पोचवा, मग पाडा." घरात दोन दिवस कुणी कुणाशी नीट बोललं नाही.

माझ्याजवळ मत नव्हतं, टेप होता. मी माळवदावर चढून मातीची जाडी मोजली. दर एक-दोन वर्षांनी गळू नये म्हणून नवा थर टाकायचा ही पद्धत, जुना कुणीच काढत नाही. १४ इंच भरली. आता गणित करा. १० बाय १२ फुटांची खोली म्हणजे ११ चौरस मीटर. मातीची घनता १६०० धरली तर दर चौरस मीटरला ५६० किलो. एकूण सहा टनांच्या वर. म्हणजे उसाने भरलेल्या तीन-चार बैलगाड्या आजीच्या डोक्यावर, आणि त्यांचा भार खाली ओल्या, पोकळ झालेल्या भिंतीवर. हे गणित कागदावर काढून मी दोघांच्याही पुढे ठेवलं. आजीला टन कळत नाही, पण बैलगाडी कळते. काकांनाही पहिल्यांदा वाटलं की प्रश्न भिंत मातीची असण्याचा नाही. ती ओली असण्याचा आणि तिच्यावरच्या ओझ्याचा आहे.

मग पाणी कुठून येतं ते शोधलं. भिंतीच्या मागे फेरी मारली आणि हसावं की रडावं कळेना. आतल्या मोरीचं पाणी जोत्याच्या मुळाशी पडत होतं. रोजच्या आंघोळी, धुणं, भांडी, सगळं तिथेच. त्याच बाजूला पूर्वी गोठा होता, म्हणजे गोमूत्राचे क्षार आधीपासून जमिनीत मुरलेले. आमच्या भिंतीचं दुखणं हे असं मोरीतून सुरू झालेलं होतं. आणि काळी माती! ती भिजली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पाडते. लॅबमध्ये 'फ्री स्वेल'ची टेस्ट आपण सगळ्यांनी केली आहे. दोन मोजनळ्या, एकीत पाणी, दुसरीत रॉकेल, दोन्हीत दहा-दहा ग्रॅम माती, चोवीस तास. रॉकेलमधली माती जागेवर बसते, पाण्यातली वर चढते. जर्नलमध्ये आकडा लिहून आपण मोकळे होतो. आमच्या घराच्या वायव्य कोपऱ्यातली तिरकी चीर म्हणजे हीच टेस्ट होती, फक्त मोजनळीच्या जागी जोतं. मे महिन्यात ती चीर रुंद व्हायची आणि श्रावणात मिटायची. तिच्यात सिमेंट भरलं असतं, तर मिटायच्या वेळी तिने शेजारी नवी चीर पाडली असती.

२०२५ च्या फेब्रुवारीत काम काढलं. गावात एक जुने मिस्तरी आहेत, चुन्याचं काम केलेले. त्यांना बोलावलं. त्यांनी भिंतीला हात लावला, वास घेतला आणि विचारलं, "ताई, मोरीचं पाणी कुठं जायलंय?" डॉक्टरने जीभ बघावी तसं! जे शोधायला मला पुस्तकं आणि टेप लागला, ते त्यांनी पहिल्याच प्रश्नात विचारलं.

कामाचा क्रम असा होता. पहिलं, मोरीचं पाणी पाइपने अंगणापलीकडे नेलं. दुसरं, माळवदाची माती खाली उतरवली. खोलीवरचं छप्पर हलकं केलं : लाकडं तीच, वर पत्रे, पत्र्याखाली उन्हासाठी तट्टे. तिसरं, सिमेंटचा गिलावा काढला आणि भिंत उघडी ठेवून मार्च-एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात वाळू दिली. परभणीचा उन्हाळा कधी कुणाच्या उपयोगी पडला असेल तर तो असा. चौथं, वर आलेला लोणा कोरड्या ब्रशने झाडून काढला. धुवायचा नाही, धुतला तर क्षार पुन्हा पाण्यासोबत आत जातात. पाचवं, पोकळ झालेल्या जागा त्याच मातीच्या कच्च्या विटांनी भरल्या. सहावं, चुनकळी भिजवून मुरवलेला चुना, वाळू आणि विटांची सुरखी यांचा पातळ गिलावा. आणि बाहेरून जोत्याभोवती तीन फुटांची उताराची फरशी, म्हणजे पावसाचं पाणी मुळाशी मुरू नये आणि काळ्या मातीतली ओल वर्षभर सारखी राहावी.

दोन गोष्टी मी आग्रहाने करून घेतल्या. मागच्या खोलीच्या भिंतीवर, छपराच्या खाली, चारही बाजूंनी लाकडी पट्टा बांधला, कोपऱ्यात नीट जोडून. कमकुवत बांधकामासाठीच्या आय.एस. १३८२८ मध्ये असा सलग पट्टा सुचवलेला आहे. धक्का बसला तर चार भिंती चार दिशांना जाऊ नयेत हा त्याचा हेतू. आणि दुसरी गोष्ट : काकांच्या नव्या स्लॅबच्या घराचा छज्जा पाहिला. होय, तिथेही तेच! सळईवर जेमतेम एक सेंटिमीटरचं कव्हर, त्यामुळे सळई गंजलेली. गंज मूळ लोखंडापेक्षा दुप्पट ते सहापट जागा घेतो, म्हणून काँक्रीटचे पापुद्रे सुटत होते. सुटलेलं काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत फोडलं, गंज घासून काढला, पॉलिमर मॉर्टरने भरलं, कव्हर वाढवलं, सात दिवस ओलं ठेवलं. विहिरीच्या खाऱ्या पाण्याने नाही, गोड्या पाण्याने. आर.सी.सी.साठीच्या पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंतच चालतं, हे आय.एस. ४५६ सांगतं आणि बांधताना फारसं कुणी विचारत नाही.

बघा, बर्फ, लोणा, काळी माती आणि गंज. चौघांची चार प्रकरणं आपण चार वेगळ्या पेपरांत शिकतो. चौघांचं काम एकच, आत फुगणं. आणि चौघांनाही पाणी लागतं. त्यामुळे दुरुस्तीचा पहिला प्रश्न 'काय लावू?' असा नसावा. पाणी येतं कुठून आणि जातं कुठून, हा असावा. त्याचं उत्तर मिळेपर्यंत सिमेंटची गोणी फोडू नये.

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, गोदावरीने काठ सोडला. गावातल्या दोन जुन्या भिंती पडल्या. आमची मागची भिंत उभी राहिली. वायव्येची चीर मात्र पुन्हा केसभर उघडली आहे. तिच्यावर मी पी.ओ.पी.चा एक ठिपका लावून तारीख लिहून ठेवली आहे. तो तडकला तर चीर अजून जिवंत आहे असं समजायचं. तसं झालं तर पायाचं काम करावं लागेल आणि कदाचित काकांचं म्हणणंच मानावं लागेल. घर वाचलं असं मी म्हणणार नाही. आजीच्या डोक्यावरचे सहा टन गेले आणि तिची भिंत कोरडी झाली, एवढं मोजून सांगता येतं.

या सुट्टीत गावी गेलात तर स्वतःच्या घराला एक चक्कर मारा. पाठीमागच्या बाजूने. लोणा किती फुटांवर आहे, मोरीचं पाणी कुठे जातं, माळवदावर माती किती इंच आहे. पेन्सिलने भिंतीवर तारीख टाकून या. व्हायवाला कुणी विचारणार नाही, पण घरात तुम्हाला विचारतील.